डाळ मिलची वीज: एक्सचेंज, ग्रुप कॅप्टिव्ह की आपलंच छप्पर

लातूर, जालना, नांदेडकडे ज्यांच्याकडे ११ केव्हीची जोडणी आहे, अशा बहुतेक मिलवाल्यांपुढे सध्या तीन प्रस्ताव आहेत. पहिला, पॉवर एक्सचेंजवरून रोजच्या भावाने वीज घ्या. दुसरा, सोलर प्रकल्पात भागीदार व्हा आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं ठरलेल्या दराने ग्रुप कॅप्टिव्हची वीज वापरा. तिसरा, वितरण कंपनीची जोडणी आहे तशी ठेवा, आपल्या पत्र्यावर पॅनल टाका आणि कामाचे तास बदला. माझी लातूरला तूर-हरभऱ्याची डाळ मिल आहे, कॉन्ट्रॅक्ट डिमांड (वितरण कंपनीशी ठरलेला कमाल भार) ४०० केव्हीएच्या आसपास. हे तिन्ही प्रस्ताव माझ्याकडेही आले. तिन्हींचा हिशोब मांडून मी त्यातला एक निवडला. माझं उत्तर सगळ्यांना लागू पडेल असा दावा नाही, पण ज्या अडचणीवर माझा निर्णय अडला आणि सुटला, ती अडचण एजंटच्या कागदावर कुठेच लिहिलेली नसते. म्हणून हे लिहितो आहे.

पॅनल किती वॉटचं, इन्व्हर्टर कुठला, हे इथे सांगत बसत नाही. ओपन ॲक्सेस म्हणजे वितरण कंपनीच्या तारांवरून दुसऱ्याकडची वीज आणायची मुभा. एवढं लक्षात असू द्या की २०२२ च्या हरित ऊर्जा ओपन ॲक्सेस नियमांनी त्यासाठी लागणाऱ्या भाराची किमान मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. माझ्यासारख्या मध्यम मिलला पहिले दोन प्रस्ताव येतात ते त्यामुळेच. त्याआधी हे दार आपल्याला बंदच होतं.

आधी तासांचं बोलू, कारण सगळा खेळ तासांचा आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं जो टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे तासांनुसार बदलणारा) दर होता त्यात रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट होती. सकाळी ९ ते १२ मध्ये ८० पैसे आणि संध्याकाळी ६ ते १० मध्ये १ रुपया १० पैसे जादा लागत. कोळशाचे संच रात्री बंद करता येत नाहीत, त्यांची वीज कुणीतरी उचलायला हवी, म्हणून ती सूट. आपल्या पट्ट्यातल्या कित्येक मिल रात्रपाळीवर उभ्या राहिल्या त्या याच हिशोबाने. आता तो हिशोब पूर्ण उलटला आहे. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी हवा आणि गर्दीच्या तासांत उद्योगांना किमान १.२० पट हवा, असं तिच्यात आहे. राज्यात २०२५ च्या दर-आदेशापासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे सवलतीचे तास झाले आणि ५ ते मध्यरात्र हे महागाचे. पैशांचे आकडे दरवर्षी हलतील, पण तासांची ही दिशा बदलेल असं मला वाटत नाही. सूर्य दुपारीच असतो.

मराठवाड्यात राहणाऱ्याला हा बदल मनापासून पटावा, याला आणखी एक कारण आहे. परळीचं औष्णिक केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. खडका बंधाऱ्यात पाणीच उरलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. ज्या भागात पिण्याचं पाणी गाडीने आणावं लागतं, तिथे वाफेवर चालणारी वीज किती भरवशाची, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पॅनलला फक्त धुण्यापुरतं पाणी लागतं. त्यामुळे दुपारच्या विजेला बाजारात मान मिळतो आहे याचा मला आनंद आहे, आणि तो मान टिकावा यासाठी आपण दुपारीच वीज वापरली पाहिजे असंही वाटतं. प्रश्न एवढाच की यासाठी कोणता रस्ता धरायचा.

एक्सचेंजपासून सुरू करतो, कारण पहिल्यांदा मला तोच आवडला होता.

देशात आयईएक्स, पीएक्सआयएल आणि एचपीएक्स अशी तीन एक्सचेंज आहेत. आयईएक्सवर २००८ पासून सौदे होतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात. आज सकाळी १० ते १२ या वेळात उद्याच्या प्रत्येक ब्लॉकसाठी बोली द्यायची. घेणारा सांगतो किती हवी आणि कोणत्या भावापर्यंत, विकणारा सांगतो किती आहे आणि कोणत्या भावापासून. दोन्ही जिथे जुळतात तो भाव त्या ब्लॉकपुरता सगळ्यांना सारखा. हा भाव १० रुपयांच्या वर जाऊ देत नाहीत. ऑक्टोबर २०२१ पासून हरित विजेसाठी यात वेगळा विभाग आहे. उद्याच्या पलीकडे ऐन वेळच्या खरेदीचाही बाजार आहे. तो जून २०२० मध्ये सुरू झाला आणि त्यात दर अर्ध्या तासाला लिलाव होतो.

ही रचना मला मनापासून सुंदर वाटते. दुपारी देशभर ऊन असतं, सौर वीज भरपूर येते, तेव्हा भाव खाली. सूर्य कलला की वीज कमी आणि घरोघरी दिवे-पंखे-कूलर सुरू, तेव्हा भाव वर, आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तर १० रुपयांच्या छतालाच टेकलेला. कुणी फतवा काढत नाही, कुणी विनवणी करत नाही, भावच सांगतो की आता वापरा, आता थांबा. मोंढ्यात वाढलेल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. आवक वाढली की भाव पडतो, आवक थांबली की चढतो. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय नियामक आयोगाने तिन्ही एक्सचेंजचा उद्याच्या बाजाराचा भाव एकत्र काढायची दिशा ठरवली आहे. एका ठिकाणी एकच भाव निघाला तर चांगलंच, पण माझ्या अडचणीवर त्याने फरक पडत नाही.

दुपारचा तो स्वस्त भाव बघून हुरळून जाऊ नका, हे मात्र आधी सांगतो. तो भाव एक्सचेंजच्या दारातला आहे. तिथून तुमच्या मिलपर्यंत पारेषणाचा खर्च, व्हीलिंग (वितरण कंपनीच्या तारांचं भाडं), वाटेतली गळती, क्रॉस सबसिडी अधिभार, ट्रेडरची दलाली हे सगळं चढतं. सगळं चढल्यावर जो फरक उरतो तो नगण्य नाही, पण पहिल्या बैठकीत दाखवतात तेवढाही नाही. क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे बाहेरून वीज घेणाऱ्या उद्योगाने इतरांच्या स्वस्त विजेसाठी भरायचा वाटा. त्यावर आमचे व्यापारी मित्र चिडतात. मी चिडत नाही. त्या पैशातून शेतीपंपाची वीज स्वस्त राहते, आणि माझ्या मिलमध्ये येणारी तूर त्याच पंपाच्या शिवारातून येते.

खरी अडचण पैशाची नव्हतीच. अडचण होती ती आज दुपारी बाराच्या आत उद्याचं सगळं सांगण्याची.

डाळ मिल ज्याने चालवली आहे त्याला हे लगेच कळेल. उद्या काय चालवायचं हे माझ्या हातात नसतं, मोंढ्याच्या (धान्यबाजाराच्या) हातात असतं. आज सौदा कसा निघाला, आवक किती आली, माल ओला की कोरडा, आडत्याने गाडी कधी भरली, हमाल आले की लग्नाला गेले, यावर उद्याची पाळी ठरते. तूर लावली तर रोलरवरून तीन-चार फेऱ्या, हरभरा लावला तर काम निराळं आणि भारही निराळा. डिसेंबर ते फेब्रुवारीत आवक जोरात असते तेव्हा तर संध्याकाळी सात वाजता ठरवलेलं सकाळी सातला बदललेलं असतं. त्यात आभाळ आलं की वाळवण थांबतं, वाळवण थांबलं की पुढची सगळी साखळी थांबते. आणि मला सांगायचं आहे उद्या दुपारी सव्वादोन ते अडीचमध्ये किती किलोवॉट लागतील ते.

हे अंदाजाने बोलत नाही. करार करण्याआधी तुरीचा एक अख्खा हंगाम मी वहीत खोटी बोली लावून पाहिली. रोज सकाळी अकराच्या सुमारास मुकादमाला विचारून उद्याचा भार तासवार लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी मीटरशी ताडून बघायचा. ज्या दिवशी माल आदल्या दिवशीच गोदामात होता, त्या दिवशी अंदाज बरा जुळे. बाकी दिवशी कधी मी मागितलं त्याच्या निम्मं वापरलं, कधी दीडपट. मागितलेली वीज वापरली नाही तरी तिचे पैसे गेलेलेच असतात. जास्त लागली तर ती वितरण कंपनीच्या दराने. म्हणजे स्वस्त भावातून जे कमवायचं ते चुकलेल्या अंदाजात हळूहळू झिरपून जाणार. किती झिरपेल याचा पक्का आकडा मी देऊ शकत नाही, पण वही बंद करताना माझं मन या बाजाराबद्दल थंड झालं होतं. ऐन वेळच्या बाजाराने हे सुटेल असं एजंट म्हणाला. सुटेलही, ज्याच्याकडे दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा माणूस आहे त्याचं. माझ्याकडे जो शिकलेला मुलगा आहे तो सॉर्टेक्स (रंगावरून खराब दाणे वेगळे काढणारं मशिन) सांभाळतो. त्याला तिथून उठवून ब्लॉक मोजायला बसवणं मला परवडत नाही.

जालन्याला आमच्या एका पाहुण्यांची भट्टीसह रोलिंग मिल आहे. ते एक्सचेंजवर समाधानी आहेत आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. भंगार आठवडाभर आधी यार्डात असतं, भट्टीच्या हीट (वितळवण्याच्या फेऱ्या) ठरलेल्या असतात, भार मोठा आणि सपाट. संध्याकाळी भाव चढला की ते भट्टी धरून ठेवतात आणि पहाटे पुन्हा लावतात. विजेचं काम बघायला स्वतंत्र माणूस आहे. त्यांच्या बिलात वीज हाच सर्वात मोठा खर्च, त्यामुळे युनिटमागे चार आणे वाचले तरी तो माणूस फुकटात पडतो. तुमचा धंदा या जातीचा असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

आता ग्रुप कॅप्टिव्ह. शांत झोप हवी असलेल्यांना हा प्रस्ताव आवडतो, आणि त्यात तथ्य आहे. दर ठरलेला, बाजार चढो वा पडो. कॅप्टिव्ह वापराला कायद्यानेच क्रॉस सबसिडी अधिभार नाही, त्यामुळे एक्सचेंजपेक्षा हाती उरणारी बचत जास्त दिसते. प्रकल्प चालवणं, पॅनल धुणं, वीज किती येईल त्याचा अंदाज देणं हे सगळं प्रकल्पवाल्याकडे. बँकेला हा कागद कळतो. सौर प्रकल्प उभे राहायचे तर कुणीतरी लांब मुदतीचा खरेदीदार लागतोच. रोजच्या भावावर कर्ज देणारी बँक मी तरी पाहिलेली नाही. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला २०२४ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला ३ मेगावॉटचा पहिला प्रकल्प सुरू झाला, तोसुद्धा लांब मुदतीच्या ठरलेल्या दरावरच उभा आहे. मराठवाड्याच्या माळरानावर जे पॅनल दिसतात त्यातले बहुतेक अशा करारांनीच आणले.

पण करारातल्या अटी नीट वाचा. वापरणाऱ्यांकडे मिळून किमान २६ टक्के भागभांडवल हवं आणि प्रकल्पाच्या वीजनिर्मितीपैकी किमान ५१ टक्के वीज त्यांनी वर्षभरात वापरलेली हवी. २००५ च्या नियमांत हे आहे, आणि प्रत्येकाचा वापर त्याच्या भागाच्या प्रमाणात, दहा टक्के इकडे-तिकडे, असावा ही अटही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती प्रकल्पासाठी स्वतंत्र कंपनी काढून उभ्या केलेल्या ग्रुप कॅप्टिव्हलाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. मार्चअखेर हिशोब होतो. अट मोडली तर त्या वर्षाची सगळी वीज कॅप्टिव्ह राहत नाही आणि माफ झालेला अधिभार सगळ्यांना भरावा लागतो. म्हणजे तुमच्या शेजारच्या भागीदाराची मिल बंद पडली तर त्याची झळ तुम्हालाही. ज्यांच्या मिल बारा महिने सारख्या चालतात त्यांना याची भीती बाळगायचं कारण नाही. आमचं तसं नाही. तूर कमी पिकली की आम्ही थांबतो, आयातीचं धोरण बदललं की आम्ही थांबतो, डाळीवर साठामर्यादा आली की आम्ही थांबतो.

शिवाय ऋतूचं कोडं आहे. मार्च, एप्रिल, मे या महिन्यांत पॅनल सगळ्यात जास्त देतात, आणि हंगामाचा जोर तोवर ओसरायला लागलेला असतो. जास्तीची वीज बँकिंगमध्ये, म्हणजे वितरण कंपनीकडे जमा, ठेवता येते, पण केंद्राच्या नियमात त्याची किमान हमी महिन्याच्या वापराच्या ३० टक्क्यांपर्यंत, आणि हिशोब महिन्याचा. मे महिन्यातली वीज डिसेंबरसाठी राखून ठेवता येत नाही. दुपारी जमा केलेली संध्याकाळच्या महाग तासांत काढता येत नाही. ही बंधनं अन्यायाची आहेत असं मला वाटत नाही. दुपारची वीज आणि संध्याकाळची वीज या आता दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि वितरण कंपनीने एक घेऊन दुसरी फुकट द्यावी अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. पण वर्षाच्या एकूण युनिटांवर बचत दाखवणारा कागद ही गोष्ट झाकतो. त्या कागदाला एकच प्रश्न विचारा: यातली किती वीज मी त्याच तासात वापरणार आहे?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी तिसऱ्या प्रस्तावाकडे वळलो.

छपराबद्दल आधी वाईट बोलतो. डाळ मिलच्या पत्र्यावर पॅनल टाकणं म्हणजे टरफलाच्या धुरळ्याशी रोजचं भांडण. पंख्यातून उडालेला बारीक भुसा काचेवर बसतो, दवाने चिकटतो आणि आठवड्यात उत्पादन खाली आलेलं दिसतं. सायक्लोनचं (भुसा वेगळा काढणाऱ्या यंत्राचं) तोंड फिरवून, पाण्याची लाइन वर नेऊनही तो पूर्ण जात नाही. ज्यांची गच्ची अजून वाळवणाला लागते त्यांनी तर तिथे पॅनल टाकायचा विचारही करू नये. गच्चीवरचं ऊन तुरीला द्यायचं की पॅनलला, याचं उत्तर तूरच असतं. मी शेडचा पत्रा वापरला, त्यासाठी कैच्या तपासून काही ठिकाणी मजबूत कराव्या लागल्या. लाइन गेली की इन्व्हर्टर बंद पडतो. वरती कडक ऊन असताना खाली मिल थांबलेली बघणं फार खुपतं. आणि छप्पर मोठं नसेल तर मिलची सगळी गरज त्यातून भागत नाही. माझीही भागत नाही.

नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे पॅनलची ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या व्यवस्थेत, एक अट नीट समजून घ्या. आयोगाच्या २०१९ च्या नियमावलीनुसार टीओडी ग्राहकाने तासांच्या ज्या गटात वीज दिली, ती आधी त्याच गटातल्या वापरातून वजा होते. उरलेली स्वस्त तासांतली धरली जाते. सवलतीचे तास दुपारचे झाल्यावर याचा अर्थ सरळ आहे: दुपारची जास्तीची वीज दुपारच्याच भावाची. रात्रपाळी चालवून दुपारच्या पॅनलवर बिल शून्य करू, हा बेत आता बसत नाही. बऱ्याच मिलवाल्यांनी यामुळे छपराचा नाद सोडला. मी तिथेच थांबून उलटा विचार केला, की मग रात्री चालवायचंच का?

आणि इथे डाळीच्या धंद्याने स्वतःच मदत केली. तुरीला रोलरवर चरे पाडून तेल-पाणी दिलं की ती ढीग लावून रात्रभर मुरत ठेवायची असते. त्या कामाला वीज लागत नाही. दिवसा वाळवण, दिवसा रोलर, दिवसा फटका काढायचा, पॉलिश आणि सॉर्टेक्सही दिवसा. रात्र तुरीची विश्रांतीची वेळ. आमच्या वडिलांच्या काळी मिल अशाच चालत. मधे रात्रीच्या दीड रुपयाच्या सवलतीने आणि ड्रायरने तो क्रम मोडला होता. मी रोलर आणि कॉम्प्रेसर हे दोन मोठे भार नऊ ते पाचमध्ये आणले. पॅनलची वीज तिथल्या तिथे खपते, जी कमी पडते ती वितरण कंपनीकडून सवलतीच्या तासांत येते. संध्याकाळी पाचनंतर फक्त पॅकिंग, दिवे आणि भरणीचं काम. उद्याचं वेळापत्रक कुणाला कळवावं लागत नाही. माल आला तर चालवतो, नाही आला तर पॅनलची वीज ग्रिडला जाते आणि महिन्याच्या त्याच गटात जमा होते.

याच कारणाने माझं पारडं झुकलं. टीओडी दरातही बाजाराचाच संदेश आहे, की दुपारी वापरा, संध्याकाळी थांबा. एक्सचेंजइतका तो बारीक नाही, पंधरा मिनिटांचा नाही, एखाद्या दिवशी देशात वीज फारच स्वस्त झाली तर त्याचा लाभ मला मिळत नाही. पण तो आधी जाहीर झालेला असतो, वर्षभर तोच असतो आणि मुकादमाच्या, हमालांच्या, ड्रायव्हरच्या लक्षात राहतो. दाराशी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की सगळ्या मिलला कळतं. भार दुपारकडे वळवायचा असेल तर लहान ग्राहकाला असा ठळक, न बदलणारा भाव जास्त कामाला येतो, असं माझं प्रामाणिक मत झालं आहे. धोरण ठरवणाऱ्यांनी एक्सचेंजवर जेवढा विचार केला तेवढाच या साध्या दरपत्रकावर करावा, असं कळकळीने वाटतं.

यात एक गोष्ट मला खटकते आणि ती लपवणार नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता आमच्या शेडमध्ये काम करणं सोपं नाही. रात्रपाळीला माणसं गारव्यात काम करायची, ती मी बिलासाठी उन्हात आणली. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातला सुरू करून बारा ते तीन फक्त मशिनवरचं किमान काम ठेवतो, पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर लावला, पंखे वाढवले. पॅनलने झाकलेल्या भागाखाली शेड थोडी कमी तापते असं कामगारही म्हणतात. तरीही हा खर्च तुमच्या हिशोबात धरा. विजेचे तास बदलतात तेव्हा माणसांचे तास बदलतात.

पुढच्या पाच-सात वर्षांचं काय, असं कुणी विचारेल. दुपारचा एक्सचेंजचा भाव आज जितका खाली आहे तितका राहील यावर मी करार करणार नाही. कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीपंप रात्रीवरून दिवसावर येत आहेत. विंचू-काट्यात रात्री बारे द्यायला जाणारा शेतकरी दिवसा मोटर लावू लागला ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तोही दुपारचाच ग्राहक आहे. बॅटऱ्याही दुपारीच भरून घेतल्या जातील. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याचा १२ मेगावॉटचा संच पाणी उलटं वर चढवू शकतो, तसे मोठे प्रकल्प राज्यात येऊ घातले आहेत, तेही दुपारीच वीज ओढतील. इतके गिऱ्हाईक आले की दुपारचा भाव थोडा तरी सावरेल. ज्याच्या पत्र्यावर स्वतःचं पॅनल आहे त्याला त्याची चिंता कमी. उलट संध्याकाळचा भाव तेव्हा थोडा नरमला तर माझी काही हरकत नाही, तो मी फारसा घेतच नाही.

आता तुमच्यासाठी. बारा महिने, चोवीस तास चालणारी सूतगिरणी असेल तर ग्रुप कॅप्टिव्ह बघा, पण नुसत्या सोलरचा करू नका. पवनचक्कीचा वाटा असलेला प्रकल्प मागा. बीड-धाराशिवच्या डोंगरपट्ट्यावरचा वारा जून ते सप्टेंबरमध्ये जोरात असतो, नेमकं तेव्हा ऊन ढगाआड असतं, आणि तो रात्रीही वाहतो. सोयाबीनचा सॉल्व्हंट प्लांट असेल तर हंगामात चोवीस तास आणि नंतर शांत, अशा भाराला लांब करार मला थोडा धोक्याचा वाटतो. मेगावॉटच्या वर भार आणि वीज बघणारा माणूस असेल तर हंगामापुरतं एक्सचेंज आणि कायमचं छप्पर असं जोडून बघता येईल. जिनिंगवाल्यांनी छप्पर टाकण्याआधी वर्षातले किती महिने मशिन बंद असतात ते मोजावं.

काहीही ठरवण्याआधी मीटरचा पंधरा-पंधरा मिनिटांचा एमआरआय डेटा (मीटरमध्ये साठलेल्या वापराच्या नोंदी) वर्षभराचा मागून घ्या. एजंटला त्याच्या शीटमध्ये महिन्याचे युनिट नव्हे, हे आकडे टाकायला लावा. माझ्याकडे आलेल्यांपैकी ज्यांनी ते टाकले त्यांच्या बचतीचा आकडा लगेच खाली आला, आणि ज्यांनी टाळलं त्यांच्याशी मी पुढे बोललो नाही. लहान ग्राहकांचे भार एकत्र करून, वीस-तीस मिलच्या वतीने एकच बोली लावणारी आणि अंदाज चुकल्याची जोखीम स्वतः घेणारी व्यवस्था उद्या उभी राहिली तर मी एक्सचेंजचा विचार पुन्हा करेन. एकाचा माल आला नाही तर दुसऱ्याचा येतोच, त्यामुळे सगळ्यांचा मिळून अंदाज एकट्यापेक्षा नक्कीच बरा निघेल. लातूरच्या डाळ मिलवाल्यांनी हे मिळून करायचं ठरवलं तर माझी वही मी आनंदाने देईन.